पंपावरचा तांदूळ

मनोर-पालघर रस्त्यावरचा आमच्या पाड्याजवळचा पेट्रोल पंप बंद पडला तेव्हा मालकाने यंत्रं नेली, जमिनीतल्या टाक्या उपटल्या आणि खड्डे मातीने बुजवले. राहिलं वरचं मोठं छप्पर आणि मागची पक्की खोली. तिथे आधी पंक्चरवाला बसला, मग बकऱ्या. यंदा माझ्या सुनेने, नवसीने, बचत गटातर्फे ती खोली घेऊन भाताची गिरण टाकली. नव्या भाताच्या हंगामात ती चालली नाही तर गट मशीन विकणार होता.

आणि आमचे लोक म्हणत, तांदळाला पेट्रोलचा वास येतो.

मी गिरणीच्या दारात बसून सांगून सांगून थकलो. शेजारची लाडकी म्हणाली, "आबा, तुमचं नाक म्हातारं झालं हाय."

"मग तुझ्या घरचा बोंबलाचा वास मला कसा येतो?"

"तो तर केळव्यापर्यंत जातो."

मशीनमधून मूठभर तांदूळ काढून मी तिच्या नाकाशी धरला. "आता नाय येत," ती म्हणाली, "घरी गेल्यावर येतो."

"तुझ्या घरी पंप हाय का?"

नव्या तांदळाचा पहिला नैवेद्य दाखवून नवं करताना धान्याच्या कणसरीदेवीपुढे असला तांदूळ कोण ठेवील, म्हणून पाडा जीपच्या टपावर गोण्या टाकून मनोरच्या गिरणीत जाऊ लागला.

शेवटी नवसी म्हणाली, आपलं नवं आपण आपल्याच तांदळाचं करू, सगळ्यांसमोर. माझा मुलगा, तिचा नवरा विपुल, मोटरसायकलवर गोणी घेऊन आला. अंगणात माणसं जमली. गोणीचं तोंड सोडलं आणि वास आला. मलासुद्धा. लाडकीने नाकाला पदर लावला. नवसी खाली बघत उभी.

मी गोणी उलटवली. तळाला ओला डाग. विपुलची गाडी बाजूलाच होती. पेट्रोलच्या टाकीला झाकण नाही, फडकं कोंबलेलं.

"गोणी कुठे ठेवून आणलीस?"

"पुढे, टाकीवर. सगळे तशीच आणतात."

"झाकण?"

"हरवलं. सगळ्यांचीच हरवलेली हायत."

"मागे का नाय बांधत?"

"मागे बायको बसते ना, बाबा."

मी डोक्याला हात लावला. नवसी मात्र गिरणीत गेली, तिथला तांदूळ टोपलीत घालून डोक्यावरून घेऊन आली आणि एकेकाच्या पुढे धरत फिरली. सगळ्यांनी हुंगला. मग तोच तांदूळ शिजला, तोच कणसरीपुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी लाडकीचा नवरा गिरणीवर आला. गोणी मागच्या सीटवर बांधलेली आणि लाडकी मागून पायी, घामाने निथळत. पाठोपाठ आणखी गाड्या.

"पटलं ना, लाडके? वास कुठून येत होता?"

"पंपाचाच होता, आबा. इतकी वर्षं झाली बंद पडून, आता गेला."

मी तोंड उघडलं होतं, पण नवसीने माझ्याकडे बघितलं. मी लाडकीच्या गोणीची गाठ सोडायला घेतली.