दोघींच्या गोळ्या

माझी बायको आणि तिची थोरली बहीण एका घरात राहून वर्षभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. ताई खाली, वडिलांजवळ. आम्ही दोघं वर. आणि मधला जिना माझ्या नशिबी. "तिला सांगा, निळं कापड संपलंय." मी वर. "तिला सांगा, संपायच्या आधी सांगायचं असतं." मी खाली. लग्नाआधी कुणी या कामाची कल्पना दिली असती, तर मी दुसरं स्थळ पाहिलं असतं.

भांडण सासूबाईंच्या कपड्यांवरून झालं. त्या गेल्यावर ताईनं एक दिवस त्यांचं कपाट रिकामं केलं आणि सगळं देऊन टाकलं. तिला ते कपाट रोज डोळ्यांसमोर बघवत नव्हतं. धाकटीला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलं नाही, एवढंच. धाकटी म्हणाली, "आई काय तुझ्या एकटीची होती?" ताई म्हणाली, "शेवटी शेवटी तिच्याजवळ मी एकटीच होते." यापुढे बोलायचं तर दोघींपैकी एकीला माफी मागावी लागली असती, आणि ते या घराण्याच्या रक्तात नाही.

आमचं काम जुन्या खुर्च्यांना आणि सोफ्यांना नवं कापड चढवायचं. खालचा मोठा हॉल म्हणजे आमचा कारखाना. ताई कापड बेतते आणि शिवते, धाकटी गिऱ्हाइकं सांभाळते, मी व्हॅनमधून खुर्च्या आणतो आणि पोचवतो. पण खरे कारागीर सासरे. जुनी बैठक उघडली की आत काय असेल याचा नेम नसतो. भुगा झालेला स्पंज, काथ्या, केस, आणि कुणाकुणाच्या घरची मुरलेली धूळ. सासरे ते सगळं हातांनी उपसायचे. तोंडाला फडकं बांधा म्हटलं तर म्हणायचे, "वास आल्याशिवाय खुर्ची कळत नाही, जावईबापू." मग शिंका सुरू. शिंका तरी कसल्या, शेजारची माणसं खिडकीत येऊन बघायची. नाक वाहतंय, डोळ्यांतून पाणी येतंय, तरी खिळा सरळ जायचा.

अबोला धरल्यावर मुलींनी वडिलांचीही वाटणी करून घेतली. नाश्ता खाली ताईकडे, दुपारचं जेवण वर आमच्याकडे. झोपायच्या वेळी धाकटी खाली जाऊन त्यांचं अंथरूण घालायची, तेव्हा ताई स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची. म्हाताऱ्याला दोघींची माया मिळत होती, नुसती मिळत नव्हती, उतू जात होती. दुपारी जेवण झालं की धाकटी त्यांच्या हातावर शिंकांची पांढरी गोळी ठेवायची. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते ती. सासरे त्या गोळीकडे जरा वेळ बघायचे, मग लेकीकडे बघायचे आणि गिळायचे. मी म्हटलं, म्हातारपणी माणूस पाण्याच्या घोटालाही विचार करतो. पुढे काही मी विचारलं नाही.

हळूहळू शिंका कमी झाल्या. त्याबरोबर सासरेही कमी व्हायला लागले.

आधी कात्री कुठे ठेवली ते आठवेना. मग गिऱ्हाइकाला दोनदा तेच विचारू लागले. चालताना भिंतीचा आधार घ्यायला लागले. बोलता बोलता जीभ टाळ्याला चिकटायची, सारखं पाणी प्यायचे, दुपारी हातोडी हातात धरूनच डुलक्या काढायचे. एकदा फुलांच्या कापडाची आरामखुर्ची त्यांनी तयार केली, तर सगळी फुलं देठ वर करून उभी. ताईनं कापड उसवलं. ते शेजारी उभे राहून बघत होते, आणि कुणाची चूक होती हे त्यांना कळलंय का, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजेना.

आमच्याकडे एक नियम आहे, त्यांनीच घातलेला. तयार झालेली खुर्ची दाराबाहेर जाण्याआधी कुणीतरी तिच्यावर नीट बसून बघायचं. हा मान माझा. घरातलं सगळ्यात जास्त वजन माझं आहे. एका सकाळी दातांच्या दवाखान्याची खुर्ची न्यायची होती. मी ऐटीत बसलो आणि तसाच किंचाळत उठलो. बैठकीत वाकडी सुई राहिली होती. कारागिराच्या हातून सुई आत राहणं म्हणजे आमच्या धंद्यात नाक कापलं जाणं. धाकटीला माझ्याकडे बघून हसू आवरेना. मीही हसलो. मग आम्ही दोघांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

"ही खुर्ची कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, बाबा. काल," धाकटी म्हणाली.

"मी?" ते आपल्या हातांकडे बघत राहिले. "काल मी काय केलं?"

मला आईवडील नाहीत. हातोडी कशी धरायची, गिऱ्हाइकाशी खोटं न बोलता गोड कसं बोलायचं, बायको रागावली की गप्प कसं बसायचं, सगळं मला या माणसानं शिकवलं. तो माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता, आणि मी जिना चढत-उतरत होतो.

"तिला सांगा," ताई म्हणाली, "बाबांना आता हत्यारं द्यायची नाहीत. काहीतरी करून घेतील."

मी वर गेलो. धाकटी म्हणाली, "मी तेच म्हणणार होते. तिला सांगा." वर्षभरात पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं, आणि तेही यावर. हातोडी, सुया, कात्री सगळं कपाटात गेलं. सासरे गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर बसून राहायला लागले. त्यांची बोटं मात्र मांडीवर कापड चाचपत असायची. ते मला पाहवत नव्हतं, म्हणून मी पोचवायला काही नसलं तरी व्हॅन घेऊन बाहेर पडायचो.

डॉक्टरांकडेही दोघींनी त्यांना वेगवेगळं नेलं, म्हणजे मीच नेलं, दोन वेळा. डॉक्टरांनी ताईला विचारलं, "औषधं काय चालू आहेत?" ताई म्हणाली, "रक्तदाबाची गोळी. बाकी काही नाही." पुढच्या आठवड्यात धाकटीला विचारलं. ती म्हणाली, "रक्तदाबाची. बाकी काही नाही." दोघी मनापासून खरं बोलत होत्या. दुकानातून आपणहून आणलेली गोळी ही औषधात धरायची असते, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं, आणि माझ्या तरी कुठे होतं? डॉक्टर म्हणाले, वय झालं, अशी सुरुवात होते, पुढे डोक्याची तपासणी करून घेऊ. परत येताना धाकटी व्हॅनमध्ये रडली. आधीच्या आठवड्यात ताई रडली होती, त्याच वळणावर. हे मी दोघींपैकी कुणालाच सांगितलं नाही.

मग एका सकाळी सासरे मोरीतून बाहेरच येईनात. मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "होत नाहीये, जावईबापू." रात्रीपासून लघवीच झाली नव्हती. पोट टणक झालं होतं, कपाळावर घाम, आणि ते मला सासूबाईंच्या नावानं हाक मारत होते. मी त्यांना उचलून व्हॅनमध्ये माझ्या शेजारी बसवलं. ताई पायांत चपला नसताना धावत आली, धाकटी जिन्यावरून उड्या टाकत आली. मागे दोन अर्धवट खुर्च्या होत्या. दोघी त्या खुर्च्यांवर पाठीला पाठ लावून बसल्या, आणि मी आयुष्यात कधी चालवली नसेल अशी व्हॅन चालवली. प्रत्येक खड्ड्याला बाबा कण्हायचे आणि मागून दोन आवाज एकदम यायचे, "अहो, हळू!" "भाऊजी, हळू!"

हॉस्पिटलात तातडीच्या विभागातली डॉक्टर वयानं अगदी लहान होती. तिनं आधी नळी घालून लघवी मोकळी केली. बाबांचा चेहरा जरा सैल झाला. मग ती आमच्याकडे वळली. औषधांचं विचारलं. ताई म्हणाली, "रक्तदाबाची." धाकटीनं मान हलवली.

"ते झालं," डॉक्टर म्हणाली. "दुकानातून आपणहून आणलेलं काही? सर्दीचं, खोकल्याचं, शिंकांचं, झोपेचं? काहीही."

"शिंकांची गोळी देते," ताई म्हणाली. "पिवळी. आईला धुळीचा त्रास होता, ती आयुष्यभर तीच घ्यायची. रोज नाश्त्याबरोबर."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "रोज?"

"ताई," मी म्हटलं, सवयीनं, "ती विचारतेय, रोज?"

"तुम्हीही काही देता?" डॉक्टरनं धाकटीला विचारलं.

"पांढरी गोळी. दुपारी." "आणि झोपताना सर्दीचं पातळ औषध. शिंकांनी जाग येऊ नये म्हणून."

डॉक्टरनं त्या औषधाचं नाव विचारलं आणि डोळे मिटून घेतले. रागावली नाही. आम्ही खुर्चीच्या कापडाबद्दल सांगतो तसं तिनं समजावून सांगितलं. पिवळी गोळी जुन्या धाटणीची. झोप आणते, तोंड कोरडं पाडते, म्हाताऱ्या माणसाचं डोकं गोंधळवते, तोल घालवते, आणि अशा वयाच्या पुरुषाची लघवी अडवते. सर्दीच्या त्या पातळ औषधात तेच आहे, बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. वर पांढरीही त्याच कामाची. म्हणजे एका शिंकेवर तीन औषधं, रोज, महिनोन्‌महिने. "अशा गोळ्या साध्या असतात," ती म्हणाली, "पण या वयात पिवळी नकोच. आणि दोन गोळ्या मिळून गुण दुप्पट येत नाही. एक काय ती आम्हाला विचारून. दुकानातलं असलं तरी प्रत्येक डॉक्टरला सांगायचं. आणि धूळ उपसताना तोंडावर मास्क."

"मग त्यांचं विसरणं?" मी विचारलं.

"बरंचसं यानंच असेल. गोळ्या उतरल्या की कळेल. सगळंच परत येईल असं आज म्हणवत नाही."

मग ती पलंगाकडे वाकली. "आजोबा, दोघी गोळ्या देतात हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग एकीला सांगायचं ना, आधी घेतली म्हणून."

सासऱ्यांनी छताकडे बघितलं. बोलताना जीभ अजून जड होती, पण शब्द शहाण्या माणसाचे होते. "कुणाला सांगू? थोरलीला म्हटलं असतं, धाकटी देते, तर ती म्हणाली असती, तिची घेता, माझी नको. धाकटीचंही तेच. दोघींना आई राहिली नाही. बापानं एकीकडून हात मागे घ्यावा, असं मला जमलं नाही. गोळीच तर होती."

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेली. मला वाटलं, आता दोघी बाबांच्या गळ्यात पडून रडतील.

"आईची गोळी," धाकटी म्हणाली, आणि या वेळी माझ्याकडे न बघता, सरळ पलंगाच्या पलीकडे बघून, "आईची गोळी बाबांना द्यायची अक्कल तुला कुणी शिकवली?"

ताईचा चेहरा लालबुंद झाला. "आणि सर्दी नसताना सर्दीचं औषध? बाटलीवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही तुला? गिऱ्हाइकांच्या पावत्या तर फडाफडा वाचतेस!"

"मला सांगायचंस ना, तू देतेस म्हणून!"

"सांगणार कशी? तू बोलत होतीस माझ्याशी?"

"तूच दार लावून घ्यायचीस स्वयंपाकघराचं!"

"तू येऊन आईच्या जागी, बाबांच्या उशाशी बसायचीस म्हणून लावायचे! बघवत नव्हतं मला!"

"आणि मला काय बघवत होतं? तिचा एक कपडासुद्धा ठेवला नाहीस तू मला! एकसुद्धा नाही!"

आवाज चढत गेले. शेजारच्या पलंगावरची माणसं उठून बसली. मी मध्ये पडायला गेलो आणि लक्षात आलं, इथे माझं काहीच काम नाही. त्या एकमेकींशी बोलत होत्या, तोंडावर. ताई रडत होती आणि ओरडत होती. धाकटीचंही तेच. नर्स धावत आली.

"हे काय चाललंय? इथे आजारी माणसं आहेत. बाहेर जाऊन भांडा!"

पलंगावरून हात वर आला. नळी लावलेला, सुई टोचलेला हात. सासऱ्यांनी नर्सच्या बाहीला धरलं.

"नका पाठवू त्यांना," ते म्हणाले. "भांडू द्या इथंच. मला ऐकू येऊ दे."