पाहुणा चहा घेणार का?

निफाडला आमच्या गल्लीत इंग्रजी शिरलं ते तेजस्विनीच्या स्पीकरमधून. पोरगी नर्स. परदेशातल्या दवाखान्यातली नोकरी ठरल्यात जमा होती; अडलं होतं ऐकण्याच्या परीक्षेवर. गोऱ्यांच्या गप्पा ऐकायच्या आणि प्रश्नांची उत्तरं लिहायची. रोज संध्याकाळी ती ओट्यावर बसून त्या गप्पा लावायची. महिनाभरात समोरच्यांचा पोपट 'एक्सक्यूज मी' म्हटल्याशिवाय पेरूला चोच लावेना. खोटं वाटत असेल तर पोपटाला विचारा.

नाशिकच्या क्लासचे दीपक सर मात्र कडक. सराव परीक्षेत तीसपैकी चोवीस पडले तरच ते खऱ्या परीक्षेचा फॉर्म भरू देत. क्लासचा निकाल शंभर टक्के लागतो तो असा! तेजस्विनीला पडले तेवीस. रेकॉर्डिंगमधली बाई विचारते, चहा घेणार? पाहुणा म्हणतो, नो, थँक यू. प्रश्न होता, पाहुणा चहा घेणार का? हिनं लिहिलं, घेणार.

"पहिलं नको कुणी खरं धरतं का?" तिची आत्या लंकाबाई भडकली. "त्या बाईनं परत इचारायला नको? कंजूष मेली!"

रविवारी सर कुणाच्या तरी बागेतली फुकटची द्राक्षं न्यायला निफाडला आले आणि जाता जाता तेजस्विनीकडं टेकले. सर आलेत म्हटल्यावर आम्ही शेजारीही जाऊन बसलो.

"सर, चहा टाकू ना?" लंकाबाईनं विचारलं.

"छे छे, नको. आत्ताच झाला."

"बरं." लंकाबाईनं पेटवलेला गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली.

सरांनी पाऊण तास क्लासची थोरवी सांगितली. तोंड आमच्याकडं, डोळे स्वयंपाकघराकडं. शेजारून आल्याच्या चहाचा वास आला तसं त्यांचं वाक्य मधेच तुटलं. तेजस्विनीनं हळूच आपला पेपर पुढं ठेवला.

"सर, पाहुणा चहा घेणार का?"

सरांनी पेपरकडं पाहिलं, लंकाबाईकडं पाहिलं.

"घेणार," म्हणाले, आणि खिशातला लाल पेन काढून तेविसाचे चोवीस केले. मग दोन कप प्यायले. दुसराही नको नको म्हणतच.

खऱ्या परीक्षेतही नेमका पाहुणाच निघाला. तेजस्विनीनं कान टवकारले. बाईनं एकदाच विचारलं. हिनं लिहिलं, घेणार नाही. पास!

तिकडं पोचल्यावर तिचा फोन आला.

"कशी हायेत गं माणसं?" आत्यानं विचारलं.

"चांगली आहेत. पण जेवायचं दुसऱ्यांदा विचारत नाहीत."

"म्हंजे तू उपाशी?"

"पहिल्या दिवशी राहिले, आत्या."