शेजारचा ब्रेक

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शिकवणीची गाडी लाकडाच्या वखारीसमोर कडेला थांबली. थांबवली ती शिकणाऱ्या बाईंनी. शिकवणारे मास्तर शेजारच्या सीटवर घामाने भिजले होते, नजर भलतीकडेच होती. त्यांच्या पायापाशी असलेला जादा ब्रेक कुणी दाबलाच नव्हता.

मास्तरांना मधुमेह. इन्सुलिन घेऊन ते नाश्ता न करताच निघाले होते. बाई म्हणजे त्यांच्या विहीणबाई, मुलीच्या सासूबाई. त्यांनी हँडब्रेक ओढला आणि पर्समधल्या दोन लिमलेटच्या गोळ्या त्यांच्या तोंडात कोंबल्या.

थोड्या वेळाने मास्तरांना कंठ फुटला. "इंडिकेटर दिला होतात?"

"दिला. आरशातही पाहिलं, मागे कुणी नव्हतं. शेजारीही कुणी नव्हतं म्हणा!"

मास्तर कसंनुसं हसले. "घरी बोलू नका हं."

"मी नाही बोलणार. परवाना कार्यालयात तुम्हीच बोला."

"अहो, परवाना काढून घेतील! आयुष्यभर दुसरं काही केलं नाही मी."

"आणि मघाशी समोरून ट्रक आला असता तर? माझा पाय अजून क्लच शोधत फिरतो, व्याही. तुमच्या भरवशावर बसते मी या गाडीत."



दुसऱ्या दिवशी मास्तर आपणहून कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनाने त्यांच्याकडे दोनदा पाहिलं. "काका, इथे लोक चष्मासुद्धा लपवतात," तो म्हणाला आणि परवाना जमा करून घेतला. डॉक्टरांचा अहवाल येईपर्यंत गाडी चालवणं बंद, शिकवणंही बंद.

मुलीकडेही शिकवण्याचा परवाना आहे. आता वडिलांच्या सीटवर ती बसते.

"आई, क्लच! पूर्ण दाबा!"

"घरी चल, मग बघते तुला," सासूबाई म्हणतात आणि क्लच पूर्ण दाबतात.

मास्तर पोटभर नाश्ता करून मागच्या सीटवर बसतात. गेल्या कित्येक वर्षांत वळणावरची झाडं नीट पाहिली नव्हती, असं ते सांगतात. वळण आलं की त्यांचा उजवा पाय मात्र खालची चटई दाबतो.

"बाबा, पाय," मुलगी मागे न पाहता म्हणते.

डॉक्टरांनी शुक्रवारी अहवाल पाठवला. विहीणबाईंची परीक्षा सोमवारी आहे. मास्तरांबद्दल कार्यालयाचा निर्णय अद्याप आलेला नाही.