नाताळच्या साफसफाईत मुका झालेला हौद

मी एक जुना लाकडी हौद आहे. जमैकातल्या ट्रेलॉनी परगण्यात, ओल्ड स्प्रिंग मळ्याच्या रमच्या भट्टीला लागून मी उभा आहे. मित्रांनो, रम मोठ्या माणसांची, हे मला ठाऊक आहे. पण ती कशी होते हे ऐकायला वयाची अट नाही.

मला घडवलं एझिकेल नावाच्या कारागिराने. फळ्या तासून त्याने लोखंडी पट्ट्यांनी आवळल्या. आत ना खिळा, ना डिंक. मग पाठीवर थाप मारून म्हणाला, "गळू नकोस हं, माझं नाव जाईल." पहिले दोन दिवस मी थोडा गळलो. लाकूड फुगल्यावर मात्र आजतागायत एक थेंब सांडलेला नाही.

माझ्यात उसाची मळी, पाणी आणि भट्टीत उरलेलं काळं, आंबट पाणी ओततात. विरजण कुणी घालत नाही. ते माझ्या फळ्यांच्या भेगांतच पिढ्यानपिढ्या राहतं. दुसऱ्या दिवशी मी बुडबुडायला लागतो, फेस चढतो आणि गावभर पिकल्या केळ्यांचा वास सुटतो. मग ते सगळं भट्टीवर जातं आणि तिथून रम ठिबकते. हंगामातला पहिला पेला कुणी पीत नाही. ज्या गुलामांनी चाबकाखाली इथला ऊस तोडला, त्यांच्यासाठी तो जमिनीवर ओततात. तेव्हा सगळे टोप्या काढतात आणि मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटतो.

एझिकेलचा नातू होपटन चाळीस वर्षं माझा राखणदार होता. माझ्या अंगाला कान लावून तो सांगायचा, "उद्या सकाळी तयार." कधी चुकला नाही. वरची जळमटंसुद्धा तो कुणाला काढू देत नसे.

एका डिसेंबरात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तो इस्पितळात गेला. नाताळ आला की आमच्याकडे घर घासतात, पडदे बदलतात, वाटेवरच्या दगडांना चुना लावतात. होपटनची थोरली बहीण, मिस आयसी, तर झाडांची खोडंही सोडायची नाही. भाऊ परत येईल तेव्हा सगळं लखलखीत असावं म्हणून ती बादल्या घेऊन आली आणि माझ्यात डोकावली.

"शी! चाळीस वर्षं हा या घाणीत काम करतोय? आईने बघितलं असतं तर कान उपटला असता!"

तीन दिवस ती मला उकळतं पाणी, सोडा आणि ब्लीच घालून काथ्याच्या ब्रशने घासत होती. मित्रांनो, इतक्या मायेने मला कुणी कधी घासलं नव्हतं. त्या मायेनेच मी मुका झालो.

जानेवारीत गळीत सुरू झालं. माझ्यात मळी ओतली. चार दिवस गेले, एक बुडबुडा नाही. मॅनेजर टलकबाई मनाने वाईट नव्हत्या, पण भट्टी थांबली तर सगळं गाव बसून राहणार होतं. त्या म्हणाल्या, "शनिवारपर्यंत वाट बघते. नाहीतर स्टीलच्या टाक्या मागवणार, आणि हे लाकूड जाईल चुलीत." मी फार घाबरलो.

होपटन कुबड्या घेऊन आला. कान लावला आणि त्याचा चेहरा पडला.

"आयसी, काय केलंस तू?"

"स्वच्छ केलं! आभार मान माझे!"

"अगं बाई, त्याचा जीव धुऊन काढलास!"

मिस आयसी पालथ्या बादलीवर बसून रडली. मग डोळे पुसून उठली. "रडून काय होतंय? हा काय खातो ते सांग."

"उसाची ताजी कांडी. पिकून सडायला आलेली फळं. त्यातून विरजण धरलं तर धरलं."

ती दारोदार फिरली. लोक हसले. "मिस आयसी, तुम्ही आणि सडकी फळं?"

"गप रे! तुमची स्वयंपाकघरं मी बघितली आहेत. तिथे नसतील तर कुठे असतील? काढा बाहेर!"

काळी पडलेली केळी, फुटलेले फणस, उसाची कांडी, सगळं माझ्या पोटात गेलं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी टलकबाई टाक्यांचा कागद घेऊन आल्या. एका बाजूने होपटनने कान लावला होता, दुसऱ्या बाजूने मिस आयसीने. आणि माझ्या तळातून एक बुडबुडा सुटला.

"होपटन! बोलला तो!"

"तुझं पोट वाजलं असेल."

तेवढ्यात दुसरा सुटला, मग तिसरा. दुपारपर्यंत फेस चढला. टलकबाईंनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि नाक पुसलं.

त्या वर्षीची रम होपटनने बराच वेळ जिभेवर घोळवली. "ही आजोबांची नाही."

मिस आयसीचा चेहरा उतरला. "मग?"

"तुझी आहे. फणसाचा वास येतोय." आणि जमिनीवर ओतायला आधीच बाजूला काढून ठेवलेला पहिला पेला त्याने तिच्या हातात दिला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर जरूर माया करा. पण हात लावण्याआधी, ती कशावर जगते ते तिच्या राखणदाराला विचारा. आता होपटन नाही. माझी राखण मिस आयसी करते. नाताळात ती मला फक्त बाहेरून पुसते, पट्टे चकचकीत करते, आणि मग काठावरून आत वाकून विचारते, "जेवलास का रे?"