शेजारच्या नमुन्याचा रिपोर्ट

भाऊ, दादा, वारल्यानंतर ताई कामावर परतली, तेव्हापासून ऑफिसातले सगळे तिच्याशी दबक्या आवाजात बोलत. तिला त्याचं ना बरं वाटे, ना वाईट. कुणी चहा पुढे ठेवला की प्यायची, नाही ठेवला तर आठवणही यायची नाही.

एका दुपारी रक्ततपासणीच्या लॅबमधून डॉक्टरांचा फोन आला. लॅबचं सॉफ्टवेअर ताईच्याच कंपनीचं.

"अहो, एका निवृत्त ड्रायव्हरला तुमच्या स्क्रीनने गरोदर ठरवलंय!"

ऑफिसभर खसखस पिकली. पंचविशीतच टक्कल पडल्यामुळे ज्याला सगळे 'आजोबा' म्हणत, तो तर खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. ताईने फक्त त्या नमुन्याचा नंबर मागून घेतला.

नोंदी सांभाळणारा भाग आजोबाने एका प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला होता, स्क्रीनचा भाग ताईने दुसऱ्या भाषेत. आजोबाच्या भाषेत एवढा सोळा आकडी नंबर सहज मावायचा. ताईच्या भाषेची मजल नव्वदने सुरू होणाऱ्या सोळा आकड्यांपाशीच संपे; त्यापुढची विषम संख्या तिला धरता येत नसे, ती मुकाट्याने शेजारची सम संख्या घेई. नमुन्याच्या नंबरात सुरुवातीला शाखेचा क्रमांक असायचा. आजवरचे शाखाक्रमांक लहान होते, म्हणून निभावलं होतं. एक्क्याण्णव क्रमांकाची शाखा उघडली आणि तिथल्या विषम नंबरवाल्यांना शेजारच्या माणसाचे रिपोर्ट दिसू लागले.

"नंबर अक्षरं म्हणून पाठव," ताई म्हणाली. "त्याची काही बेरीज-वजाबाकी करायची नाहीये."

आजोबाने तिकडे बदल केला, तिने इकडे. संध्याकाळच्या आत काम उरकलं.

साहेबांनी सुटकेचा नि:श्वास सोडला. "झालं ना? मग आता गाजावाजा नको."

"ड्रायव्हरचं हसण्यासारखं होतं म्हणून कळलं," ताई म्हणाली. "बाकीच्यांचे रिपोर्ट खरेच वाटले असणार. त्यांना सांगायला हवं."

"तू आत्ता कुठे सावरतेयस..."

"मी सावरत नाहीये, साहेब. फोन करायचे आहेत."

साहेबांनी लॅबला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये डॉक्टरांशेजारी बसली. ती बरोबर रिपोर्ट उघडून द्यायची, डॉक्टर बोलायचे. एका माणसाला नसलेल्या आजाराच्या गोळ्या चालू होत्या. तो आधी भडकला, मग बायकोला हाका मारत सुटला. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना मात्र सगळं ठीक म्हणून घरी पाठवलं होतं, आणि ठीक नव्हतं.

"चूक कुणाची?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर अडखळले. ताईने फोन हातात घेतला. "आमची. स्क्रीन मी लिहिली होती. तुम्ही उद्याच या, डॉक्टर स्वतः तपासतील."

पलीकडे मशीनची घरघर थांबली. मग बाई म्हणाल्या, "सकाळी येते."

फोन ठेवला तेव्हा डॉक्टरांचे डोळे भरले होते. "तुमचं काळीज घट्ट आहे हो."

तसं काही नव्हतं. मनात काही आलं-गेलं तरी तिला कळत नव्हतं, एवढंच. तिने पुढचा रिपोर्ट उघडला.

काम संपल्यावर ती स्टॉपवर उभी राहिली. बस आली, थांबली, निघून गेली. तिला चढायचं सुचलं नाही. पुढची आली तेव्हा शेजारी उभ्या एका बाईंनी विचारलं, "चढताय ना?"

"हो," म्हणाली आणि चढली.