कोरडं लुगडं

मला एका जागी बसवत नाही. माझ्या सासूबाई भिकुबाई, मी त्यांना आत्या म्हणते, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मन्ही सूनना पायले भिंगरी शे." तरी त्या दिवशी ब्राह्मणपुरीच्या समाजमंदिरात मी मांडी घालून गप्प बसले होते. शेतात राबणाऱ्या बायकांसाठी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण होतं आणि शहाद्याहून स्वप्नाली नावाची नर्स शिकवायला आली होती. जखमेवर पट्टी, सर्पदंश, इथवर सगळ्या बायका शहाण्यासारख्या ऐकत होत्या. मग फवारणीचा विषय निघाला.

"अंगावर औषध सांडून बाईला घेरी आली, तर आधी तिचे भिजलेले कपडे काढायचे," स्वप्नाली म्हणाली. "औषध कातडीतून आत जातं. मग साबणानं अंग धुवायचं. उलटी करवायची नाही. लगेच दवाखाना."

"वावरमा कपडा काढाना?" मागून कुणीतरी विचारलं आणि सगळ्या खो खो हसत सुटल्या. सासूबाईंना तर ठसकाच लागला. स्वप्नालीही हसली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली.

मला मात्र राग आला. काढायचे म्हणजे कुठं काढायचे, आणि काढल्यावर बाईनं नेसायचं काय, हे कुणी बोललंच नाही. घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना. भाकरी थापताना तेच, अंथरुणात तेच. शेतावर गेले की नजर उगाच आडोसा शोधायची. कापूस कमरेइतका. त्याच्याआड कोंबडी लपली असती, बाई नाही.

आमच्याकडे फवारणीला रूपलीबाई यायची. ती धडगावकडची, पावरा घरातली. नवरा इंद्रसिंग कामासाठी सुरतेकडे गेलेला आणि ती गावाच्या कडेला झोपडीत एकटी राहायची. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला की झाली तिची तयारी. पाठीवरचा पंप झाकणाशी गळायचा, तिथं ती चिंधी गुंडाळायची. नवा पंप आणा म्हणून मी सासऱ्यांना, पितांबर आबांना, कितीदा तरी निरोप दिला. निरोपच, कारण आमच्या घरात सून सासऱ्याशी सरळ बोलत नाही आणि त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. इतक्या वर्षांत आबांनी माझे केस पाहिले नसतील. आबांचं उत्तर सासूबाईंकरवी यायचं, पुढच्या बाजाराला आणू.

तो बाजार काही आला नाही. त्याआधीच एका दुपारी मी आणि सासूबाई जेवण घेऊन शेतात गेलो, तर रूपलीबाई कापसाच्या ओळीत बसलेली. पंप पाठीवर तसाच.

"वहिनी, दिसत नाय," ती म्हणाली. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं डबडबलं होतं. साडी पाठीपासून पोटरीपर्यंत औषधानं भिजून चिकटलेली.

सासूबाईंनी जेवणातलं मीठ तांब्यातल्या पाण्यात कालवलं. "हाई पाजी दे तिले, ओकी टाकई."

मी तांब्या हिसकून ओतून दिला. "आत्या, पाजानं नही. कपडा काढना पडतीन. हातले प्लास्टिकन्या पिशव्या बांधा अन् तिले साबण लाईसन धुवा."

आम्ही तिचा पंप उतरवला, तिला धरून विहिरीजवळच्या हौदाशी नेलं. तिथं धुण्याचा साबण होता. दवाखान्यात कळवायचं तर शेतात फोन लागत नाही, म्हणून मी बांधावर पळाले. फोन झाला. आबा पलीकडच्या शेतात होते, त्यांना हातवारे करून बोलावलं. ते पिकअप घेऊन हौदाशी आले आणि मी परत पोचले तेव्हा गाडी चालूच होती. रूपलीबाई हौदाशेजारी आडवी पडली होती, केसांतून पाणी निथळत होतं. अंगावर मात्र तीच साडी.

"आत्या, हाई काय?"

"धोयी मी तिले. लुगडं पिळीसन नेसाडं," सासूबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "उघडी कशी लयी जावानी? आबा शेतस ना गाडीमा."

रूपलीबाईची बोटं आपोआप थरथरत होती. माझं डोकं फिरलं. मी पदराची पिन काढली आणि स्वतःची साडी सोडायला लागले. साडीच्या आत नवऱ्याचा फुलशर्ट होता, खाली परकर.

"शीला, काय करी ऱ्हायनी तू? आबा दखी ऱ्हायनात."

"दखू द्या."

मी रूपलीबाईचं ओलं लुगडं, शर्ट, सगळं ओढून काढलं, दूर फेकलं. सासूबाईंनी आपला पदर दोन्ही हातांनी पसरला आणि गाडीकडे पाठ करून आमच्यासमोर उभ्या राहिल्या. मी तिला पुन्हा साबण लावला, पाणी ओतलं आणि माझी कोरडी साडी गुंडाळली. मान वर केली तेव्हा आबांनी गाडीचा आरसा आभाळाकडे वळवलेला दिसला.

"आबा," मी म्हटलं. हा शब्द मी त्यांना उद्देशून कधी उच्चारला नव्हता. "औषधनी बाटली संगे ल्या. डॉक्टरले दाखाडनी शे."

"लिधी," आबा समोर बघत म्हणाले.

शहाद्यापर्यंत मी मागे तिला कुशीवर धरून बसले; वाटेतच तिची शुद्ध हरपली. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली पाहिली, इंजेक्शनं सुरू केली आणि शुद्धीवर आल्याशिवाय काही सांगता येणार नाही म्हणाले. मी व्हरांड्यात येरझारा घालत राहिले. लोक माझ्या परकराकडे बघत होते. कुणीतरी चादर दिली, ती मी खांद्यावर टाकली आणि विसरले. मला भीती वाटत होती आणि सगळ्यांचा राग येत होता, पंपाचा, आबांचा, त्या दिवशीच्या हसण्याचा.

ऊन कललं तेव्हा आबा वॉर्डाच्या दारात आले. आत आले नाहीत. उंबऱ्यावरूनच, जमिनीकडे बघत त्यांनी विचारलं, "कशी शे?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. मालकाचा आवाज ऐकून रूपलीबाईचा हात उठला होता. डोळे अजून मिटलेलेच. बोटांनी खांद्याशी चाचपडत तिनं माझ्या साडीचा पदर शोधला आणि हळूहळू ओढून डोक्यावर घेतला.

मला रडू कोसळलं. आबांच्या समोर, उघड्या डोक्यानं, मी हुंदके देत उभी राहिले. मग तिच्याजवळ बसले, तिचा दुसरा हात धरला आणि पदर होता तिथंच राहू दिला.