बरणीच्या तळाचा कागद

मी बरणी बोलतेय. ठेव विश्वास, असेल हिंमत तर. माझ्या एका शब्दावर जरी ठेवलास ना, तरी तुला मानलं.

अशी दचकू नकोस इंदुमती. माझ्या तोंडात कोणी बोललं की मी घुमते, बस. तुझ्या सासूला, द्वारकाबाईंना, दोनदा असं घुमून घाबरवलंय मी. तेव्हापासून माझं झाकण त्या स्वतः काढत नाहीत. त्यांनी ओढलं की मी घट्ट धरते, तू ओढलंस आणि सुटलं. लाडकी आहेस म्हणून नाही हं. कामाची आहेस म्हणून.

कालच गौतमपुऱ्याहून ह्या जुनी इंदूरच्या घरात आलीस. हातावरची मेंदी अजून लालभडक. आणि आज दुपारी लगेच हुकूम: "सूनबाई, त्या चिनी बरणीतलं सगळं मूळ काढ, पाणी उकळायला ठेव, मग बरणी धुऊन टाक." कशाचं औषध, कोणासाठी, तू विचारलं नाहीस. तुझ्याआधीची पण विचारत नव्हती.

माझं आधी ऐक. मला सगळे पेकिंगची समजतात. कसली पेकिंगची. ग्वाल्हेरकडच्या भट्टीत भाजलेली मी, पोटावर हा फोड तिथलाच. पण बारा वर्षं इथल्या चिनी लियांगबाईच्या दुकानात उभी होते, म्हणून चिनी झाले. तिचा नवरा समोर दात बसवायचा. मागच्या खोलीत ती बायका बघायची, मूल न होणाऱ्या. माझ्या अंगावर ती चिठ्ठ्या चिकटवायची, एक त्यांच्या लिपीतली आणि एक हिंदीत. हिंदीतली वाचून वाचून मी दीड यत्ता शिकले. चिनी काही जमलं नाही, त्यात डोकं दुखायचं.

तिथेच पहिल्यांदा कमल आली. हो, तीच. तुझ्या उदयसिंहांची पहिली. तुला काय सांगितलंय, स्वभाव जमला नाही? वा.

कमल आधी एका डॉक्टरीणबाईकडे जाऊन आली होती. तिथे तिच्या नळ्यांत हवा भरून पाहिली, आरपार मोकळ्या निघाल्या. मग तिला थर्मामीटर दिलं. रोज सकाळी उठायच्या आधी तोंडात धरायचं, आकडा लिहायचा. ज्या दिवशी पारा चढतो त्याच्या आसपास बीज सुटतं. कमल आकडे कागदावर लिहीत नव्हती, सासूच्या हाती लागतील म्हणून. पुढे मी ह्या घरात आल्यावर ती माझ्या पाठीवर पेन्सिलीने रेघा ओढायची. फिरव मला. दिसल्या? घासून गेल्या नाहीत अजून.

लियांगबाईची तऱ्हा वेगळी. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून ती डोळे मिटायची. जीभ बघायची. सुकलेल्या पाल्याची वळी पेटवून बेंबीखाली लांबून शेक द्यायची. कमलची नाडी तिने खूप वेळ धरली आणि म्हणाली, "बहू, तुममें कोई कमी नहीं. आदमी को लाओ. उसकी जीभ देखूँगी."

डॉक्टरीणबाई पण तेच म्हणाली होती. एकीने नळ्या पाहिल्या, दुसरीने नाडी. एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, आणि दोघींचं बोट एकाच माणसाकडे.

कमलने घरी येऊन भीत भीत सांगितलं. द्वारकाबाई हसल्या. "आमच्या उदयची जीभ बघणार ती चीनण? ज्यांच्या आज्याने होळकरांच्या पागेत घोडे राखले, त्यांची?"

मग बासष्ट साल आलं, सीमेवर चीनशी लढाई लागली, आणि लियांगबाईच्या दुकानाला कुलूप पडलं. निघायच्या आधी तिने मला गळ्यापर्यंत कुटलेलं औषधी मूळ भरून कमलच्या हाती दिलं. "चुटकीभर. महिने में सात दिन. फिर बंद. ज़्यादा नहीं, समझी? खून जाएगा." कमलने तीनदा मान हलवली. मी पण हलवली असती, मान असती तर.

ह्या घराची एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. वर ती पत्र्याची पेटी आहे ना, तिच्यात आज्याची सनद आहे. दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहतात. एकदा कोणी तरी असाच शिक्क्याचा कागद रद्दी म्हणून फाडला होता, आणि त्यापायी घराची जमीन गेली. तेव्हापासून ह्यांचा नेम आहे: शिक्का असलेला कागद फाडायचा नाही, जाळायचा नाही, मग तो कसलाही असो. इथे सिनेमाच्या तिकिटावर शिक्का दिसला तरी जपून ठेवतात. मी हसायची ह्यावर. आता नाही हसत.

एकदा तपासून घ्या म्हणून कमलने नवऱ्याचे पाय धरले. खोटं नाही, इथेच, ह्या कोठीच्या खोलीत. उदयसिंह वाईट नाहीत गं. भित्रे आहेत. ते इंदुरात नाही गेले, ओळखीचं कोणी भेटेल म्हणून. महूला एका डॉक्टरकडे गेले. आठवड्याने भर दुपारी एकटेच इथे आले, दाराची कडी लावली, कागद उघडला आणि हळूच वाचलं, "शुक्राणू, एकही नाही." परत वाचलं. जसं दुसऱ्यांदा वाचल्यावर एखादा सापडेल.

लग्नाच्या दोन वर्षं आधी त्यांना गालफुगी झाली होती. सूज गालावर थांबली नाही, खाली जांघेत उतरली. लेप कोणी लावला? आईनेच. मग आईला माहीत आहे का? मला विचारू नकोस. मी फक्त एवढं सांगते, महूचा कागद आला त्या दिवसापासून द्वारकाबाईंनी मूळ मोजून द्यायचं काम सुनेकडून काढून स्वतःकडे घेतलं. तेव्हा त्या हात घालायच्या माझ्यात. चुटकी नाही, मूठभर. सात दिवस नाही, रोज.

"आईसाहेब, बाईंनी बंद करायला सांगितलं होतं," कमल म्हणायची.

"गुण आला की बंद करू."

काढ्याच्या तिसऱ्या कपाच्या वेळी उदयसिंह समोर पाटावर जेवत होते. कागद तोवर माझ्या पोटात होता. जाळायला त्यांचा हात होईना, शिक्का होता ना त्याच्यावर. पेटीत ठेवावा तर आई पेटी उघडते. तळाशी पुठ्ठ्याचा गोल तुकडा असतो, ओल लागू नये म्हणून. त्याच्याखाली सरकवला. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आमटी मागितली.

चैत्रात कमलला रक्त सुरू झालं. पहिले चार दिवस सगळे म्हणाले, पाळी आहे, बाजूला बसू दे. तशी ती बसली. पाचव्या दिवशी पण थांबलं नाही. नवव्या दिवशी तिचा भाऊ लक्ष्मण देवासहून टांगा घेऊन आला. तिला दोघांनी उचललं. फारकतीचा कागद टांग्यातच पुढे केला, अंगठा लावून घेतला, वर शिक्का. तो पेटीत आहे. पुढे तिचं काय झालं, मला बरणीला कोण सांगणार? तिची कुंकवाची पितळी डबी अजून त्या कोनाड्यात आहे. न्यायला कोणी आलं नाही.

मी तेव्हा काय केलं, विचार. झाकण घट्ट धरलं. त्यांनी उलथन्याने उघडलं. माझ्या ओठाचा टवका तेव्हाच गेला. माझी सगळी मस्करी तेवढीच, झाकण धरायचं आणि घुमायचं. तेवढ्याने कोण वाचणार होतं.

आता तुझी बारी. द्वारकाबाईंना वाटतं बरणीत मूळच आहे. मोतीबिंदूने त्यांना तळ दिसत नाही. आणि उदयसिंहांना कोणी सांगितलेलं नाही की आज मला धुणार आहेत. ते ओसरीवर तुझ्या भावाला, संताजीला, कचोरी खायचा आग्रह करून राहिले आहेत. ऐकू येतंय? "भिया, अजून एक घ्या ना."

मूळ काढलंस? उरलंय किती, ओंजळभर. पण तुझ्यासाठी ओंजळभर खूप झालं. आता नखाने पुठ्ठा उचल. हळू. हां.

सगळं इंग्रजीत आहे म्हणून घाबरू नकोस. तू सातवी पास आहेस, मी दीड यत्ता. अगदी खाली बघ, डॉक्टरने हिंदीत एक ओळ लिहिलीये, घरच्यांना समजावी म्हणून. "इनसे संतान की आशा नहीं." नाव वाच. तारीख वाच. कमलचा टांगा गेला त्याच्या चार महिने आधीची आहे.

कागद दोन्ही हातांनी धर. टाकू नकोस.

"सूनबाई, पाणी उकळलं की नाही गं?" ऐकलंस, त्या हाक मारतायत. म्हण, उकळून राहिलंय. गोड आवाजात म्हण. असं.

तो कागद पोलक्यात घाल. फाडू नको, संताजीच्या हाती दे. गौतमपुऱ्याची मोटार चारला सुटते, तो चपला घालायला उठलाय, तू पण त्याच्याबरोबर बस. तुला वाटत असेल, बरणी कधी बोलते का, आपलंच मन बोलतंय. असू दे तसं. विश्वास मी मागितलाच नव्हता.

मूळ मोरीत ओत. मला अशीच पालथी घालून ठेव.

पायातली जोडवी वाजतात तुझी, काढून हातात घे. मागे बघू नकोस. जा आता. जा म्हणते ना.